बायकोचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय, घरी आणलंय, पण ती कामाला हात लावल्याशिवाय राहत नाही. काय करावं?

बार्शीचा_माणूस

नमस्कार. बायकोचं मायट्रल व्हॉल्व्ह बदलायचं ऑपरेशन झालं पुण्यात, वय ४३. लहानपणी तिला घसा धरून ताप यायचा आणि मग गुडघे घोटे सुजायचे, तेव्हा गावात कुणाला कळलं नाही की हा ताप पुढे हृदयाला धरतो. गेल्या वर्षापासून जिना चढताना दम लागायला लागला, रात्री आडवं झालं की खोकला, मग इको केला तर व्हॉल्व्ह पार आकसलेला निघाला. धातूचा व्हॉल्व्ह बसवलाय. ऑपरेशन चांगलं झालं, टाके कोरडे आहेत, डॉक्टर समाधानी आहेत. घरी येऊन आता दोनेक आठवडे होत आलेत.

अडचण घरातली आहे. ही बाई पहाटे पाचला उठते आणि गुपचूप स्वयंपाकघरात जाते. आई सत्तरीच्या पुढची आहे, ती भाकरी थापते आणि हिला ते बघवत नाही, सासूने करायचं आणि मी बसून खायचं हे मला जमत नाही म्हणते. परवा मी दुकानातून लवकर आलो तर ही गॅसवरून कुकर उतरवत होती. मी ओरडलो तर रडायला लागली. तसंही संध्याकाळ झाली की रडू येतंच तिला, कारण विचारलं तर सांगता येत नाही, मी सगळ्यांच्या डोक्याला ताप झालेय एवढंच म्हणते. आधी कधी रडणारी नव्हती हो. जेवण जात नाही, सगळं कडू लागतं. झोप नाही, रात्री शांत झालं की छातीतून टिकटिक ऐकू येते तिला, मलाही येते.

रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, ॲसिट्रॉम, ती आयुष्यभर म्हणालेत. पालेभाजीचं प्रत्येक जण वेगळं सांगतोय. आणि गौरी-गणपती तोंडावर आलेत, आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात, पुरणाचा नैवेद्य, वीस पंचवीस पानं होतात, ती आत्तापासून त्याचीच यादी करत बसलीय.

मी सकाळी दहाला दुकानात जातो ते अंधार पडल्यावर येतो, मुलगी बारावीला आहे. ज्यांनी घरी असं आजारपण काढलंय त्यांनी सांगा, हिला नेमकं काय करू द्यायचं आणि काय नाही, आणि हे रडणं कधी थांबतं?

मोगरा_ठाणे

दादा, माझं हेच ऑपरेशन झालंय, हाच व्हॉल्व्ह, धातूचा. काही वर्षं झाली आता, नोकरी करते, सगळं करते, हे आधी सांगते म्हणजे तुम्हाला आणि वहिनींना धीर येईल.

रडण्याचं सांगते. ते त्यांच्या हातात नाही. माझं तर दूध उतू गेलं तरी डोळे भरायचे. इतकं मोठं ऑपरेशन, हृदय थांबवून मशीनवर घेतात, त्यानंतर शरीर आणि मन दोन्ही थकलेलं असतं आणि हे फार जणांना होतं, फक्त डिस्चार्जच्या वेळी जखम, गोळ्या, तारीख एवढंच सांगतात आणि हे राहून जातं. मला महिन्या दीड महिन्यात हळूहळू कमी झालं. तेव्हा काय झालं काय झालं म्हणून विचारत बसू नका, शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा, पुरे. पण दिवसेंदिवस वाढत चाललं, कुणाशी बोलावंसंच वाटेना, जगून काय करू असं तोंडातून आलं तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं, वाट बघायची नाही.

आता कामाचं. छातीचं मधलं हाड उभं कापलेलं असतं आणि स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. बाहेरची कातडी जुळलेली दिसते म्हणून आपल्याला वाटतं झालं बरं, पण हाड धरायला सहा ते आठ आठवडे जातात आणि पूर्ण पक्कं व्हायला तीन महिने. तोपर्यंत ज्या कामात दोन्ही हातांचा जोर छातीवर येतो ते काम बंद. भाकरी थापणं, कणीक मळणं, पोळी लाटणं, कपडे पिळणं, फरशी पुसणं, नारळ खवणं, पाटा, हे सगळं त्यात येतं. उचलायचं म्हणजे दोन किलोच्या आसपास, तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा दिलाय तो. भरलेला पाच लिटरचा कुकर चार किलोच्या वर सहज जातो, अर्धी बादली पाणी सात-आठ किलो होतं, वहिनींना हे आकडे सांगा, आम्हा बायकांना ती वजनं वजन वाटतच नाहीत कारण रोजची सवय असते.

पण नुसतं हे नको ते नको म्हणत पलंगावर बसवून ठेवलंत तर त्या पहाटे उठणारच. मलाही तसंच व्हायचं. मला माझ्या सासूबाईंनी एक दिवस खुर्ची आणून ओट्याशेजारी ठेवली आणि म्हणाल्या इथे बस आणि मला सांग मीठ किती. त्यानंतर मी लसूण सोलायचे, भाजी निवडायचे, वाटाणे सोलायचे, डब्यांच्या याद्या करायचे. टेबलाशी बसून, हात खाली ठेवून, दमले की उठायचं. घर माझ्याशिवाय चालतंय पण मी घरात आहे असं वाटायला लागलं. तुमच्या आईंनी स्वतः बोलायला हवं हं, तुम्ही सांगून उपयोग नाही. सासूच्या तोंडून आलं की पोरी तू बस, मी आहे, तर त्याचं मोल वेगळं असतं.

आणखी एक, हे पुरुषांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. स्तनांचं वजन दोन्ही बाजूंनी जखमेला ओढतं आणि त्याने फार दुखतं, रात्री सुद्धा. पुढून हुक असलेली, तार नसलेली, सुती, चांगला आधार देणारी ब्रा घ्या, एक माप मोठी, आणि जखमेवर मऊ सुती कापडाची घडी. माझी अर्धी झोप त्याने परत आली. मंगळसूत्र जखमेवर घासतं ते तूर्त काढून ठेवा किंवा आखूड करा, घरात कुणी काही म्हणालं तर तुम्ही उत्तर द्या, त्यांना द्यायला लावू नका. पुढून बटणाचे गाऊन आणा म्हणजे हात वर करून घालावं लागत नाही.

टिकटिक कायम राहते पण आपला कान सरावतो. मी सुरुवातीला मंद आवाजात रेडिओ लावून झोपायचे.

कोकणी_मेवा

पालेभाज्या पूर्ण बंद करा. आमच्या शेजारी एकांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं होतं, त्यांनी तेव्हापासून पालक मेथीला हात लावला नाही, कोथिंबीर पण नाही. रिस्क कशाला घ्यायची. गेट वेल सून ताईंना.

निवृत्त_सिस्टर

मी बरीच वर्षं हार्टच्या आयसीयूत नर्स होते. कोकणी_मेवा, तुमचा हेतू चांगला आहे पण पूर्ण बंद करायची गरज नाही, त्याने उलट घोळ होतो. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं. पण डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर. आठवड्यातून दोनदा एक वाटी मेथी खायची सवय असेल तर तेवढीच चालू ठेवा, दर आठवड्याला तशीच. एका आठवड्यात चार वेळा पालक आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, वरखाली होतो. म्हणूनच नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास यंदा नकोत, जेवण बदललं की आयएनआर बदलतो. देवी समजून घेईल.

मायट्रलच्या जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, तुमच्या कागदावर जो लिहिलाय तोच धरा. कमी झाला तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते, जास्त झाला तर रक्तस्राव. सुरुवातीला तपासणी वारंवार लागते, नंतर स्थिर झाला की महिन्यातून एकदा वगैरे. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. एक वही घाला, तारीख, आयएनआर, गोळीचा डोस, तीन रकाने, आणि प्रत्येक भेटीला ती वही न्या. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळेला, मोबाईलला गजर लावा. विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर डबल घ्यायची नाही, वहीत लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे हे नेहमी होतं. सर्दी झाली, अंग दुखलं की आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो आणि ते कंबरेत इंजेक्शन देतात. रक्त पातळ असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळू शकतं. दारातच सांगायचं की व्हॉल्व्ह आहे, ॲसिट्रॉम चालू आहे. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम मेडिकलमधून आणून द्यायच्या नाहीत, दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. जुलाब झाले की मेट्रोनिडॅझोल घेतात लोक, त्याने आयएनआर एकदम चढतो. बऱ्याच अँटिबायोटिकचं तसंच, म्हणून कुठलंही नवीन औषध, काढा, चूर्ण, आधी विचारून. आणि लहानपणीचा सांध्यांचा ताप कारण असेल तर पेनिसिलिन पुढेही चालू ठेवायचं असतं, व्हॉल्व्ह बदलला म्हणून ते संपत नाही. ते दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन असतं किंवा रोजच्या गोळ्या, रक्त पातळ असताना तुमच्या केसमध्ये यातलं काय ते पुढच्या भेटीत नक्की विचारा.

ताप १००.४ च्या वर गेला तर अंगावर काढू नका आणि घरीच अँटिबायोटिकही सुरू करू नका. कृत्रिम व्हॉल्व्हवर जंतू बसू शकतात, ते शोधायला आधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं आणि औषध आधीच पोटात गेलं की जंतू सापडत नाही. दात काढायचा असेल, हिरड्यांची सफाई असेल, तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, डेंटिस्टला ऑपरेशननंतर दिलेलं व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा. ते कार्ड तिच्या पर्समध्ये कायम.

लगेच दवाखाना कधी: तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. एकदम दम लागला आणि टिकटिक दबल्यासारखी किंवा बंद झाल्यासारखी वाटली. डोक्याला मार लागला, भले बाहेर काही दिसत नसलं तरी. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, लोहाच्या गोळीनेही काळी होते पण शंका असेल तर दाखवाच. जखमेतून पाणी किंवा पू, किंवा खोकताना छातीचं हाड टक्‌ करून हललं. यात १०८ ला फोन करायला लाजू नका.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन करा. एका दिवसात एक किलोच्या वर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं, पाय सुजले, तर अंगात पाणी साठतंय, फोन करायचा. म्हणून मीठ कमी. तुम्ही सोलापूर भागातले, शेंगाचटणी आणि ठेचा ताटात असणारच, पापड लोणचंही, ते सध्या बाजूला ठेवा.

जेवण कडू लागतं ते काही आठवड्यांत जातं. तीन वेळा भरलं ताट देण्यापेक्षा दर दोन अडीच तासांनी थोडं द्या. नाचणीची आंबील, मुगाचं धिरडं, ताकभात, उकडलेलं अंडं खात असतील तर अंडं. लिंबाची फोड सोबत द्या, मीठ कमी असलं तरी चव लागते.

निफाडकर_आप्पा

माझ्या मंडळींची बायपास झाली होती, व्हॉल्व्ह नाही, पण हाड तेच कापतात आणि घरातली तऱ्हा तीच. पुरुषाच्या बाजूने सांगतो.

तुम्ही ओरडून काही होणार नाही, रचना बदला. आमच्याकडे मी कुकर, मोठी पातेली, तव्याची जोडी वरच्या फळीवर टाकली आणि खाली फक्त छोटी भांडी ठेवली. तिच्या हाताला जड लागलंच नाही पाहिजे. पहाटे पाचला त्या उठतात ना, मग तुम्ही पावणेपाचला उठा. चहा तुम्ही करा. मी करायला लागलो, आजतागायत करतोय. आईंचं वय बघता भाकरीला एखादी बाई लावा दोन तीन महिने, खानावळीतूनही भाकऱ्या मिळतात बार्शीत. ऑपरेशनवर एवढा खर्च केलात, तो वाया जाऊ नये म्हणून हा थोडा करा.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणा, खाली बसून उठताना हाताने जोर देतात आणि छाती ताणते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं वाईट. पलंगावरून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग उशी छातीशी कवटाळून उठायचं, खोकताना शिंकतानाही तीच उशी. तीन बॉलचं फुंकणी यंत्र दिलंय ना, ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, श्वास आत घेऊन बॉल वर धरायचे, जागेपणी दर तासाला दहा वेळा.

चालणं रोज. आधी घरातल्या घरात पाच मिनिटं चार वेळा, मग अंगणात, मग गल्लीत, हळूहळू अर्ध्या तासावर. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना दम लागला तर थांबायचं. मी दुकान उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर असं दोनदा बरोबर चालायचो. मनातलं जे घरात चार माणसांत बोलली नाही ते तिथे बोलली.

भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, पाच ते सहा. सर्दी खोकलावाल्याला दारातूनच नमस्कार. जो येतो तो अमक्याचं कसं झालं आणि तमका कसा गेला हे सांगतो, तुम्ही तिथे बसा आणि विषय बदला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केलं असेल तर आरोग्यमित्राला विचारा, काही ऑपरेशनांना नंतरच्या तपासण्या औषधांचंही पॅकेज असतं. विमा असेल तर डिस्चार्जनंतरची बिलं ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतात पॉलिसीप्रमाणे, आयएनआरच्या पावत्या फेकू नका.

आणि तुम्ही झोपा. मी पहिला महिना तिचा श्वास मोजत जागा राहायचो, शेवटी मलाच चक्कर आली. आठवड्यातून दोन रात्री मेव्हणीला बोलवा.

बार्शीचा_माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. मोगराताई, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, ब्राचं वाचल्यावर म्हणाली हे मला कुणाला सांगताच येत नव्हतं. लेक आज घेऊन आली. आईशीही बोललो, आई म्हणाली मीच सांगते तिला. खुर्ची ओट्याशेजारी ठेवलीय.

तीन गोष्टी राहिल्या. पुढच्या तपासणीला पुण्याला कसं न्यावं, आणि गावात मोटारसायकलवर मागे बसली तर चालेल का. गौरींचं काय करू, बसवायच्याच नाहीत असं म्हटलं तर ती आणखी खचेल. आणि सिस्टर, संकोच वाटतो पण विचारतो, नवरा-बायको म्हणून जवळ कधी येता येतं, तिला भीती वाटते आणि मलाही.

निवृत्त_सिस्टर

संकोच करू नका, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि ओपीडीत कुणी विचारत नाही. शेजारी झोपणं, हात धरणं, जवळ घेणं आजपासून करा, तिला त्याची गरज आहे, फक्त छातीवर भार नको. शरीरसंबंध साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर, दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की चालतं असा ढोबळ अंदाज असतो, तरी तपासणीत विचारून घ्या. त्याच भेटीत गर्भनिरोधाचंही विचारा. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळाला अपाय होतो आणि तिच्याही जिवाला धोका, त्यामुळे साधन डॉक्टरांनी ठरवलेलंच, मेडिकलमधल्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्या मनाने नकोत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. पाळीला रक्त जास्त जाऊ शकतं, पॅड तासा दोन तासाला भिजत असेल तर कळवायचं.

मोटारसायकल तीन महिने नाही, खड्ड्याचा हिसका हाडाला लागतो. पुण्याला कारने न्या, मागच्या सीटवर, पट्टा लावायचा आणि पट्ट्याखाली छोटी उशी, दर तासा दीड तासाने उतरून पाच मिनिटं चालवायचं. गोळीची वेळ प्रवासात येत असेल तर गोळी पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही.

मोगरा_ठाणे

गौरींचं मी सांगते. बसवा. माझ्या पहिल्या वर्षी आम्ही पानं घरच्यांपुरती केली, पुरणपोळ्या बाहेरून सांगितल्या, भाज्या दोन जावांनी वाटून आणल्या. मुखवटे आणि साडी नेसवणं जावेने केलं, मी खुर्चीत बसून निऱ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी बसूनच कुंकू लावलं. वहिनी यादी करतायत ना, ती पूर्ण करू द्या. मग त्या यादीत प्रत्येक कामापुढे कुणाचं नाव ते त्यांनाच लिहायला सांगा, फक्त त्यांचं स्वतःचं सोडून. पुरणपोळीची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवा, आदल्या दिवशी कुणी घेत नाही.